विश्लेषण : नवी बॅटरी टाकूनही जुनी गाडी पुन्हा बंद का पडते?

सकाळी किल्ली फिरवली की नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. शेजाऱ्यांच्या मदतीने धक्का मारून गाडी गॅरेजपर्यंत जाते. ‘बॅटरी गेली’ असे निदान होते आणि काही हजार रुपये मोजून नवी बॅटरी बसते. आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि एका सकाळी पुन्हा तोच ‘टक्’. दहा-पंधरा वर्षांहून जुनी गाडी असलेल्या अनेक घरांना हा अनुभव नवा नाही. यात दोष बॅटरीचाच असतो असे नाही. बऱ्याचदा बॅटरी भरणारी यंत्रणाच थकलेली असते. तिचे निदान अंदाजाने न करता पाच मापांनी करता येते. ते कसे, हे समजून घेणे खिशासाठी आवश्यक आहेच. पावसाळ्यातील रात्री घाटात दिवे विझण्याची वेळ येऊ नये यासाठी त्याहून अधिक आवश्यक आहे.

अल्टरनेटर नेमके काय करतो?

गाडीतील विजेचा साठा म्हणजे बॅटरी आणि वीजनिर्मिती केंद्र म्हणजे अल्टरनेटर. इंजिन सुरू करण्यासाठी सेल्फला लागणारा मोठा प्रवाह बॅटरी देते. इंजिन सुरू झाले की दिवे, वायपर, ब्लोअर, हॉर्न, इग्निशन यांची सगळी गरज अल्टरनेटरने भागवायची आणि बॅटरीतून गेलेली वीजही परत भरायची, अशी कामाची वाटणी असते.

सेल्फमुळे बॅटरी उतरते, हा एक मोठा गैरसमज आहे. छोट्या पेट्रोल गाडीच्या सेल्फने १५० अँपिअर प्रवाह दोन सेकंद ओढला, तरी खर्च होते ती ०.१ अँपिअर-तासापेक्षाही कमी वीज. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत हा खर्च नगण्य आहे आणि अल्टरनेटर ठणठणीत असेल तर तो काही मिनिटांत भरून निघतो. म्हणजेच रोज चालणाऱ्या गाडीची बॅटरी वारंवार उतरत असेल, तर प्रश्न ‘वीज गेली कुठे’ याइतकाच ‘वीज आली का नाही’ हाही असतो.

अल्टरनेटरच्या आत रोटर हा फिरणारा विद्युतचुंबक असतो. इंजिनच्या पुलीवरील पट्टा त्याला फिरवतो. कार्बन ब्रशच्या दोन छोट्या कांड्या त्याला प्रवाह पोहोचवतात. रोटरभोवतीच्या स्थिर गुंडाळीत, म्हणजे स्टेटरमध्ये, तीन फेजची एसी वीज तयार होते. बॅटरीला डीसी लागते, म्हणून सहा डायोड तिचे रूपांतर करतात. रेग्युलेटर रोटरचा प्रवाह कमी-जास्त करून व्होल्टेज ठरावीक मर्यादेत राखतो. बिघाड यांपैकी कोणत्याही ठिकाणी होऊ शकतो, आणि यांच्या बाहेरही.

मेकॅनिक त्याला ‘डायनमो’ का म्हणतात?

कारण पूर्वी खरोखरच डायनमो असायचा. सुरुवातीच्या काळातील अँबेसेडर आणि फियाट गाड्यांत तोच होता. डायनमो थेट डीसी देतो, पण इंजिन मंद चालू असताना त्याचे उत्पादन जवळपास थांबते. अमेरिकेत क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलिअंट गाडीत अल्टरनेटर दिला आणि पुढे तो जगभर रूढ झाला. आपल्याकडे यंत्र बदलले तरी नाव राहिले. रेग्युलेटरला अजूनही ‘कटआऊट’ म्हणणारे ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. नावाने काही बिघडत नाही. पण डायनमोच्या काळातील तपासणीची एक पद्धत अल्टरनेटरला घातक ठरते. तिच्याबद्दल पुढे येईलच.

दोषाची पहिली चाहूल कोणती?

डॅशबोर्डवरील बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा. किल्ली ‘ऑन’ केल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. दोन्ही गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या आहेत.

इंजिन सुरू असतानाही दिवा लागून राहिला, तर चार्जिंग होत नाही हे सरळ आहे. किल्ली ‘ऑन’ केल्यावर दिवा लागतच नसेल, तर मात्र अनेक जण तिकडे दुर्लक्ष करतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत रोटरला सुरुवातीचा प्रवाह याच दिव्यातून मिळतो. बल्ब उडाला किंवा त्याची तार तुटली, की चांगला अल्टरनेटरही वीज बनवायला सुरुवात करत नाही. किंवा एकदा जोरात रेस दिल्यावरच जागा होतो. काही रुपयांच्या बल्बपायी संपूर्ण अल्टरनेटर बदलला जाण्याचे प्रकार यातूनच घडतात. दिवा मंद मिणमिणत असेल, तर डायोड खराब होणे किंवा जोडणीत गंज येणे ही कारणे संभवतात.

याखेरीज रेस दिल्यावर हेडलाइट उजळणे आणि सोडल्यावर पिवळे पडणे, पावसात पट्ट्याचा ‘चीं’ असा आवाज, अल्टरनेटरच्या बाजूने घरघर, जळका वास, बॅटरीचे पाणी वारंवार कमी होणे ही लक्षणेही बोलकी असतात.

पाच मापे कोणती?

यासाठी काही शे रुपयांत मिळणारा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. तो डीसी २० व्होल्टच्या पट्टीवर ठेवून लाल टोक बॅटरीच्या प्लसवर आणि काळे मायनसवर लावावे. टोके तारेच्या क्लॅम्पवर नव्हे, बॅटरीच्या खुंट्यांवर टेकवावीत.

पहिले माप : गाडी रात्रभर उभी असताना. १२.६ व्होल्ट किंवा अधिक म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे बरीचशी रिकामी. पूर्ण चार्ज करूनही माप साडेदहाच्या आसपास रेंगाळत असेल, तर बॅटरीच्या सहापैकी एक सेल गेला असल्याची शक्यता मोठी.

दुसरे माप : सेल्फ मारताना. भरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज या क्षणी साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. पहिले माप चांगले, पण येथे मोठी घसरण दिसली तर बॅटरी खरोखरच म्हातारी झाली असे समजावे.

तिसरे माप : इंजिन सुरू, थोडी रेस, दिवे बंद. १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. आकडा पहिल्या मापाइतकाच राहिला किंवा हळूहळू उतरत गेला, तर चार्जिंग होत नाही. मेमधील उन्हात लांबून आलेल्या गाडीत तो किंचित कमी दिसला तरी घाबरण्याचे कारण नाही. इंजिनचा परिसर तापला की अनेक रेग्युलेटर व्होल्टेज थोडे खाली आणतात.

चौथे माप : तीच रेस ठेवून हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर सुरू करावेत. आकडा १३.२ च्या वर टिकला पाहिजे. दिवे बंद असताना १४ आणि दिवे लावताच १२.५, असे झाले तर अल्टरनेटर वीज बनवतो, पण पुरेशी नाही. ढिला पट्टा, झिजलेले कार्बन किंवा गेलेला डायोड यांचा संशय येथून सुरू होतो. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा तिसरेच माप घेऊन ‘चार्जिंग ओके’ म्हटले जाते. लपलेला दोष सापडतो तो चौथ्या मापात.

पाचवे माप : मीटर एसी व्होल्टवर ठेवून, इंजिन आणि दिवे सुरू असताना. डायोड धड असतील तर ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसते. अर्ध्या व्होल्टच्या वर गेल्यास डायोड गेल्याची दाट शक्यता. येथे एक सावधगिरी हवी. अगदी स्वस्त मीटरची एसी पट्टी २०० व्होल्टपासून सुरू होते आणि डीसी जोडणीवर भलतेच आकडे दाखवते. अशा मीटरवर हे माप घेऊ नये, ते ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे.

चार्जिंग होत नसेल, तर आधी काय पाहावे?

अल्टरनेटर उतरवण्याआधी त्याच्या बाहेरच्या गोष्टी पाहाव्यात, कारण त्या स्वस्त आहेत आणि जुन्या गाडीत दोष बऱ्याचदा तिथेच मिळतो.

सर्वप्रथम पट्टा. इंजिन बंद असताना दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर जुन्या धाटणीचा पट्टा साधारण एक सेंटिमीटर दबावा. त्याहून ढिला असेल तर तो भार येताच घसरतो. फार ताणला तर बेअरिंग खातो. चकचकीत, गुळगुळीत झालेल्या किंवा आतून भेगा पडलेल्या पट्ट्याला ताण देण्यात अर्थ नसतो, तो बदलावा.

त्यानंतर जोडण्या. बॅटरीच्या खुंट्यांवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुऊन, घासून, क्लॅम्प घट्ट बसवावेत. पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाऊ देऊ नये. क्लॅम्प काढताना आधी मायनस आणि जोडताना शेवटी मायनस, हा क्रम पाळावा. अल्टरनेटरच्या मागील जाड तारेत बॅटरीचा प्रवाह इंजिन बंद असतानाही असतो. मायनस न काढता तिला पाना लावला आणि तो बॉडीला टेकला, तर ठिणग्या उडून तार जळू शकते.

तार धड आहे की नाही, हेही मीटर सांगतो. इंजिनला रेस, दिवे-ब्लोअर सुरू, मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या मागील जाड तारेच्या खुंटीवर आणि दुसरे बॅटरीच्या प्लसवर ठेवावे. फरक ०.३ व्होल्टच्या वर असेल, तर तयार झालेली वीज वाटेतच गळते आहे. अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यातील फरक ०.२ व्होल्टच्या आत हवा. हे करताना सैल बाही, ओढणी, अंगठी, कडे यांना फिरत्या पट्ट्यापासून आणि तारांपासून दूर ठेवावे.

दुसरा फरक जास्त निघाला, तर दोष अर्थिंगचा. इंजिन आणि बॉडीला जोडणारी जाळीदार पट्टी कोकण किंवा मुंबईसारख्या दमट, खाऱ्या हवेत आतून कुजते. मग परतीचा प्रवाह भलती वाट शोधतो. सेल्फ मारल्यावर अ‍ॅक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल गरम लागत असेल, तर ही पट्टी ताबडतोब पाहावी.

आतला दोष कसा कळतो?

बाहेर सगळे ठीक असेल, तर संशय आत जातो. एक जुनी आणि सोपी चाचणी आहे. इंजिन बंद ठेवून किल्ली ‘ऑन’ करावी आणि स्क्रू ड्रायव्हरचे टोक अल्टरनेटरच्या मागील बेअरिंगजवळ न्यावे. ते हलकेसे ओढले गेले, तर रोटरला प्रवाह मिळतो आहे. काहीच ओढ नसेल आणि डॅशबोर्डचा दिवाही लागत नसेल, तर दिव्याची तार, झिजलेले कार्बन किंवा तुटलेला रोटर यांपैकी काहीतरी कारण असते.

लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत कार्बन झिजणे हे अगदी साधे कारण आहे. सुरुवातीला खड्ड्यात आदळल्यावर दिवा लुकलुकतो, मग कायमचा लागतो. नवे कार्बन बॅटरीच्या तुलनेत किरकोळ किमतीत येतात. मात्र ते ज्या तांब्याच्या कड्यांवर घासतात, त्यांवर खोल चर पडले असतील, तर नुसते कार्बन बदलून फार दिवस निघत नाहीत.

एक डायोड तुटला, तर उत्पादन घटते. पण बिनभाराचे माप चांगलेच दिसते. डायोड शॉर्ट झाला, तर उभ्या गाडीतही बॅटरी उलटी अल्टरनेटरमधून उतरत राहते. थंड गाडीत काही तासांनी हात लावल्यावर फक्त अल्टरनेटर कोमट लागला, तर तो याचाच पुरावा.

जास्त चार्जिंग झाले, तर फायदा की तोटा?

सरळ तोटा. रेग्युलेटर बिघडला की व्होल्टेज १५ च्या पलीकडे जाते. बॅटरी तापते, तिचे पाणी आटते, सडक्या अंड्यासारखा वास येतो, बल्ब एकामागोमाग एक उडतात. अशा गाडीतही ‘बॅटरी टिकत नाही’ अशीच तक्रार येते आणि नवी बॅटरीही त्याच आगीत जाते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो. त्यामुळे तिच्याजवळ बिडी-सिगारेट, काडी, ठिणगी काहीही नको.

चार्जिंग ठीक आहे, तरी बॅटरी उतरते, मग?

मग उभ्या गाडीत कोणीतरी वीज खात आहे. बंद गाडीचा प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या आसपास किंवा कमी असावा. तेवढ्यानेही दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणून पंधरा दिवस न हललेली गाडी अडखळते. हाच प्रवाह ३०० मिलिअँपिअर असेल, तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी अडीच दिवसांत निम्मी होते. नंतर बसवलेले म्युझिक सिस्टिम, सेंट्रल लॉक, जीपीएस ट्रॅकर, डिकीचा न विझणारा दिवा हे नेहमीचे संशयित. बॅटरीच्या मायनसमध्ये मीटर मालिकेत जोडून एकेक फ्यूज काढत गेले, की चोर सापडतो. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नये. मीटरचा फ्यूज, नाहीतर मीटरच जातो.

गरज वाढवून ठेवणे हाही एक प्रकार आहे. जुन्या छोट्या गाड्यांचे अल्टरनेटर साधारण ४५ ते ६५ अँपिअरचे आणि तेही इंजिन वेगात असताना. सिग्नलला मंद चालणाऱ्या इंजिनवर त्यांचे उत्पादन बरेच खाली येते. त्यात ५५ वॅटच्या जागी ९० वॅटचे हेडलाइट बल्ब, अ‍ॅम्प्लिफायर आणि जादा फॉगलॅम्प आले, की पावसाळ्यातील कोंडीत जमा कमी आणि खर्च जास्त होतो.

बॅटरीची तार काढून पाहण्याची पद्धत योग्य आहे का?

नाही. इंजिन सुरू असताना बॅटरीची तार काढायची आणि गाडी चालू राहिली तर ‘डायनमो ओके’ म्हणायचे, हीच ती जुनी पद्धत. अल्टरनेटरच्या गाडीत बॅटरी धक्के पचवणाऱ्या गादीसारखे काम करते. ती अचानक बाजूला झाली, की व्होल्टेज क्षणभर कितीतरी पटींनी उसळते. त्यात डायोड, रेग्युलेटर आणि इंजेक्शनच्या गाडीत ईसीएमही जाऊ शकते. म्हणजे तपासणीतूनच नवा बिघाड. कोणी तार काढायला सरसावले, तर गाडीमालकाने थांबवावे.

अशीच दुसरी चूक म्हणजे पार उतरलेली बॅटरी जंप देऊन सुरू करणे आणि ‘चालवली की भरेल’ म्हणून सोडून देणे. अल्टरनेटर हा बॅटरी टिकती ठेवण्यासाठी आहे, रिकामी बॅटरी भरण्याचा चार्जर नव्हे. तासन् तास पूर्ण क्षमतेने राबून जुना अल्टरनेटर तापतो आणि जळतो. अशी बॅटरी बाहेर चार्जरवर भरून मगच बसवावी. नवा अल्टरनेटर बसवतानाही हेच लागू होते.

दुरुस्ती करावी की बदलावा?

दोष कार्बन, बेअरिंग, रेग्युलेटर किंवा डायोड प्लेटचा असेल, तर दुरुस्ती परवडते. मारुती ८०० हे त्याचे चांगले उदाहरण. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली ८०० ग्राहकाच्या हाती गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबले. तीस वर्षे बनलेल्या या गाडीचे सुटे भाग आणि ते बसवणारे हात आजही लहान गावांत मिळतात. स्टेटर जळून काळा पडला असेल किंवा रोटरची गुंडाळी गेली असेल, तर रिवाइंडिंगपेक्षा चांगल्या प्रतीचा तयार अल्टरनेटर बरा. जुना वापरलेला घ्यायचा, तर चौथे माप पाहूनच पैसे द्यावेत.

रस्त्यातच लाल दिवा लागला, तर?

आधी तापमानाचा काटा पाहावा. मारुती ८०० सह अनेक जुन्या गाड्यांत एकच पट्टा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप दोन्ही फिरवतो. दिवा लागला आणि काटाही चढू लागला, तर पट्टा तुटला आहे. तशी गाडी पुढे नेली तर काही हजारांचे काम इंजिनच्या कामावर जाते. सुरक्षित जागी लगेच थांबणे, हाच उपाय.

काटा स्थिर असेल, तर गाडी बॅटरीवर चालते आहे आणि वेळ मोजकी आहे. दोन हेडलाइट ११० वॅट, म्हणजे सुमारे ९ अँपिअर. मागचे दिवे, वायपर, इग्निशन धरून पावसाळी रात्री हा खर्च १८ ते २० अँपिअरवर जातो. ३५ अँपिअर-तासांची नवी, पूर्ण भरलेली बॅटरीही त्यावर जेमतेम तासभर टिकेल. अर्धवट भरलेली अर्धा तासही काढेलच असे नाही. दिवसा सगळे काही बंद करून कार्ब्युरेटरची गाडी बरीच दूर नेता येते, कारण तिला फक्त इग्निशनपुरती वीज लागते. इंजेक्शनच्या गाडीला पंप, इंजेक्टर आणि ईसीएम यांसाठी ती जास्त लागते. रात्री मात्र हेडलाइट बंद करून वीज वाचवण्याचा विचारही करू नये. एसी, ब्लोअर, म्युझिक बंद करावे, इंजिन बंद करू नये आणि घाट चढण्याआधीच, उजेड आणि माणसे असलेल्या ठिकाणी थांबावे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि अन्यत्र ११२ या क्रमांकांवर मदत मागता येते.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

‘बॅटरी गेली’ किंवा ‘डायनमो गेला’ हे निदान नव्हे, तो निष्कर्ष आहे. त्यामागचे आकडे मागण्याचा गाडीमालकाला अधिकार आहे. उभ्या गाडीत किती, सेल्फ मारताना किती, रेसवर किती आणि सगळे दिवे लावून किती, हे चार आकडे बिलावर लिहून घ्यावेत. दुरुस्तीनंतर तीच मापे पुन्हा घ्यायला लावावीत. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही. मापे घ्यायला पाच-दहा मिनिटे लागतात. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करून जी गाडी आणखी पाच वर्षे रस्त्यावर ठेवायची आहे, तिच्यासाठी ही पाच-दहा मिनिटे तिसऱ्या नव्या बॅटरीपेक्षा नक्कीच स्वस्त पडतात.